अल्सरेटिव्ह कोलायटिस: कुड्याचं पाळ की मेसालामिन? भावासाठी विचारतोय

मये_तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही डिचोली तालुक्यातले. धाकट्या भावाला (वय २९) गेल्या वर्षी श्रावणात संडासवाटे रक्त पडायला लागलं. आधी मूळव्याध समजून मलमं झाली, मग आव समजून गोळ्यांचे दोन कोर्स झाले. चार महिने असेच गेले. शेवटी कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सी केली तेव्हा कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, डाव्या बाजूला. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या सुरू झाल्या, पाच-सहा आठवड्यांत रक्त थांबलं. गेलेलं वजन परत आलं. यंदा चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी त्याने एकट्याने बांधली, आई बघत उभी राहिली होती.

चवथ झाल्यावर आईने सत्तरी तालुक्यातल्या मामाकडून कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, मागवलं. रोज पहाटे उगाळून ताकातून देते. भावाने गोळ्या बंद केल्या, म्हणाला आता कशाला, बरा आहे मी. दोन महिने खरंच काही झालं नाही, त्यामुळे घरात सगळ्यांनी कुड्याला श्रेय दिलं, मीसुद्धा. आता दहा दिवसांपासून परत सुरू झालंय. सकाळी चार वेळा जातो, रक्त आणि शेंब. आईला त्याने सांगितलेलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून.

तर विचारायचं हे, की गोळ्या कायमच्या सोडून नुसत्या घरगुती उपायांवर कुणी राहिलंय का? आणि आईला काय सांगू?

कुडा_आणि_कोकम
घाबरू नका. कुडा म्हणजे आपल्या रानातलं सोनं आहे. माझ्या वडिलांना १९९८ साली असंच रक्त पडत होतं, दिवसाला दहा-बारा वेळा. गावच्या जाणत्या माणसाने कुड्याचं पाळ आणि बेलफळाचा गर दिला, पंधरा दिवसांत बंद. आज ते ८१ वर्षांचे आहेत, परत एकदाही त्रास नाही. गोळ्यांच्या मागे एकदा लागलात की सुटका नाही. पाळ बंद करू नका, उलट मात्रा वाढवा.

झुआरीपलीकडे
मात्रा वाढवू नका, आधी डॉक्टरकडे जा. उद्याच.

सविस्तर रात्री लिहिते, आता शाळेत आहे.

पेडण्याचो_पात्रांव
मला यातलं काही कळत नाही, पण चार महिने मूळव्याध समजून काढले हे वाचून सांगावंसं वाटलं, माझ्या मेव्हण्याचंही अगदी हेच झालं. आपल्याकडे खालून रक्त पडलं की जो तो मूळव्याधच म्हणतो आणि लाजेने कुणी तपासून घेत नाही. भाऊ बरा होवो. देव बरें करूं.

वैद्य_अंत्रुजकर
मी आयुर्वेदाचा पदवीधर, फोंड्याकडे दवाखाना आहे. कुड्याबद्दल मीच बोलायला हवं.

कुडा, म्हणजे कुटज, हे अतिसार आणि प्रवाहिकेवरचं (आवेवरचं) आमचं पहिल्या पंक्तीचं औषध. त्याच्या सालीत कोनेसिन नावाचं अल्कलॉइड असतं आणि ते अमिबावर काम करतं. अमिबाची आव असेल तर रक्त पडतं, शेंब पडते, मुरडा येतो, दिवसाला दहा वेळा जावं लागतं. वरवर पाहता अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि ही आव यांत काहीच फरक दिसत नाही. कुडा_आणि_कोकम, तुमच्या वडिलांची कोलोनोस्कोपी झाली होती का? नसेल तर त्यांना बहुधा आव होती. पंधरा दिवसांत बरी झाली आणि पुढे कधीच उलटली नाही, हे आवेचंच लक्षण आहे. कोलायटिस असा वागत नाही.

कोलायटिसमध्ये मारायला जंतूच नसतो. आपलंच संरक्षण आपल्याच आतड्याच्या आतल्या अस्तरावर उठतं. गुदाशयापासून सुरुवात होते आणि सूज सलग वर चढत जाते, कुणाची थोडी तर कुणाची पूर्ण मोठ्या आतड्यापर्यंत. तो मधेमधे आपोआप शांत होतो आणि परत उठतो. तो शांत व्हायच्या वेळी जे औषध तोंडात असेल त्याला यश मिळतं. तुमच्या भावाचे ते दोन महिने मला तसेच वाटतात. बंद केलेल्या गोळ्यांनी जे अस्तर भरून आणलं होतं, त्याच्या पुण्याईवर ते गेले.

अजून एक. मागे कुणी पर्पटी दिली असेल तर सांगा. ग्रहणीवर (जुनाट जुलाबांवर) पर्पटी देतात, ती पारा आणि गंधकाची असते. शास्त्रात आहे, पण ती कुणी बनवली आणि तुम्हाला कुणी दिली यावर सगळं अवलंबून आहे. सुट्या पुडीतली तर घेऊच नये.

आयुर्वेदाचा सल्ला हवाच असेल तर शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, २०२२ पासून धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही आहे. पण बायॉप्सीचा कागद हातात घेऊन जा आणि आधीच्या गोळ्या चालू ठेवून जा.

कुडा_आणि_कोकम
वैद्यराज, कोलोनोस्कोपी नव्हती झाली. त्या काळी आमच्या गावात कोण करणार होतं. पण माणूस बरा झाला हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वैद्य_अंत्रुजकर
बरे झाले यात शंकाच नाही. बरे कशातून झाले, एवढंच विचारतोय.

झुआरीपलीकडे
आता बसून लिहिते.

मला हा आजार होऊन ११ वर्षं झाली. मडगावला शिक्षिका आहे, माहेर पणजीकडचं. पहिला मोठा अटॅक आला तेव्हा जुन्या झुआरी पुलावरची कोंडी रोजची होती. एकदा मडगाव-पणजी शटलमध्ये कुठ्ठाळीजवळ पाऊण तास अडकले. पोटात कळ आली की मिनिटंही हातात नसतात, ज्यांना हा त्रास आहे त्यांना कळेल. पदराची गाठ मुठीत आवळून खिडकीबाहेर बघत मी आकडे मोजत होते, एक ते शंभर आणि परत एक. शेजारच्या बाईंनी विचारलं, बाय, बरं नाही का? मी रडायला लागले. त्यांनी कंडक्टरला सांगून बस बाजूला घ्यायला लावली आणि एका अनोळखी घराचं दार माझ्यासाठी वाजवलं. आज नव्या पुलावरून पाच मिनिटांत जाते तेव्हाही त्या बाई आठवतात.

त्यानंतर दोन वर्षं मी सगळं करून पाहिलं. कोरफडीचा रस घेतला, त्याने जुलाब वाढले. नंतर कळलं की सालीलगतचा पिवळा चीक हा जुलाबाचाच असतो. गव्हांकुर झाले, दूध बंद केलं, मग गहू बंद, मग मासे बंद. गोव्यात राहून मासे बंद! ४१ किलोवर आले. कशानेच रक्त थांबलं नाही, मात्र प्रत्येक नव्या उपायाच्या पहिल्या आठवड्यात मला वाटायचं की यावेळी लागू पडतंय.

मग एका डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. माझा आजार खालच्या भागात जास्त, आणि गोळी तिथे पोचेपर्यंत तिचा जोर पुरत नाही, म्हणून रात्री झोपताना मेसालामिनची सपोझिटरी, खालून. लाज वाटली, पहिले चार दिवस आठवून आठवून टाळली. पण दोन वर्षांत जे झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं. मये_तळ्याकाठी, भावाला फक्त गोळ्या होत्या की खालून घ्यायचं औषधही दिलं होतं? पुरुष मंडळी ते घेत नाहीत आणि डॉक्टरला सांगतही नाहीत, म्हणून विचारते.

आज मी दिवसाला २.४ ग्रॅमवर आहे. वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघतात, कारण क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो. आठ वर्षं उलटल्यापासून ठरावीक काळाने कोलोनोस्कोपीही, कारण आजार जुना झाला की आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हे भीती घालायला लिहीत नाही. बरं वाटलं म्हणून आतडं बरं झालं असं नसतं, हे मला फार उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं.

मये_तळ्याकाठी
ताई, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, खालचं औषध दिलं होतं, मी एकदाही घेतलं नाही. फ्रीजच्या मागे ठेवलंय.

उकड्याची_पेज
पोराला ओरडू नका हो. आमच्या ह्यांनीही तेच केलं होतं.

अटॅक असेपर्यंत उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, शिजून अगदी मऊ झालेली. सोबत लोणचं-मिस्कूट नको. नाचणीचं सत्त्व पाण्यात. पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, सध्या नको, तिचा कोंडा टोचतो. मासे उकडून, तिरफळ-मिरची न घालता. आणि कुळागरातली केळी. हे औषध नाही, पोटाला आराम आहे एवढंच, पण आराम दिलाच पाहिजे.

पेडण्याचो_पात्रांव
पेजेचं नाव काढलंत आणि मला भूक लागली, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आमच्या आजीकडे ताप, परीक्षा, पाऊस, सगळ्याला एकच उतारा, पेज.

म्हापसा_शुक्रवार
फार्मसीत १६ वर्षं काम करते, काही गोष्टी रोज बघते म्हणून लिहिते.

मेसालामिनच्या गोळीवर खास कवच असतं. ते पोटात विरघळू नये, पुढे आतड्यात जाऊन विरघळावं, अशी योजना असते. म्हणून गोळी तोडू नका, कुटून मधातून देऊ नका. आमच्याकडे बायका येऊन सांगतात, गिळवत नाही म्हणून पूड केली. मग ते औषध वरच संपतं. आणि हगवण जोरात असताना कधी गोळी तशीच अख्खी बाहेर पडलेली दिसली तर डॉक्टरला सांगा, लपवू नका.

दुसरं, डोकं दुखलं, कंबर धरली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुणी सहज देतं. कोलायटिसवाल्याने ती घेऊ नयेत, अटॅक उठू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

हळदीबद्दल अजून कुणी कसं विचारलं नाही, आश्चर्य आहे. दुकानात रोज विचारतात. हळदीत खरंच काही आहे. २००६ साली जपानमध्ये ८९ रुग्णांवर प्रयोग झाला, रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन, सहा महिने. कर्क्युमिन घेतलेल्या ४३ जणांपैकी २ जणांचा आजार उलटला, नुसती दिसायला तशीच गोळी घेतलेल्या ३९ पैकी ८ जणांचा. पण लक्षात घ्या, ते सगळेच्या सगळे मेसालामिन किंवा सल्फासलाझिन चालू ठेवून हे घेत होते. आणि घरच्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद रोज खावी लागेल. दुधातली चिमूटभर हळद आवडीने प्या, तिच्यावर आजार सोपवू नका.

वैद्य_अंत्रुजकर
म्हापसा_शुक्रवार, फार नेमकं लिहिलंत. त्यात एक जोडतो. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा समज मोडायला निळीचं उदाहरण पुरेसं आहे. निळीच्या झाडापासून केलेलं एक चिनी औषध आहे, चिंगदाई. जपानमधल्या चाचणीत ते कोलायटिसवर चक्क प्रभावी ठरलं. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं दिसलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला इशारा काढावा लागला. गुण असलेल्या वस्तूला दोषही असतो. ज्याला दोष मुळीच नाही असं कुणी सांगत असेल, त्याने एकतर ते नीट तपासलेलं नाही, किंवा त्यात गुणही नाही.

सांगे_रान
पुडीचा विषय निघालाय म्हणून माझं लिहितो. आजवर कुठे लिहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या एका गावात औषध देणाऱ्याकडे गेलो. नाव लिहीत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या करड्या पुड्या, रोज दोन. चौथ्या दिवशी रक्त बंद. इतकं बरं वाटलं की मी अजून तिघांना त्याच्याकडे पाठवलं. भूक भरमसाट, झोप नाही, पण अंगात जोर. तीन महिन्यांत तोंड चंद्रासारखं गोल झालं, मुलगी म्हणायला लागली, पप्पा तुझे गाल कोणी फुगवले. पुड्या संपल्या आणि पाऊस असल्यामुळे जाता आलं नाही. आठवड्यात उभं राहवेना. चक्कर, उलट्या, आणि रक्त आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी माझं तोंड बघूनच विचारलं, स्टेरॉइड कोण देत होतं? सकाळचं कॉर्टिसोल तपासलं, जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि ते एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

गंमत बघा, डॉक्टरांनीही मला स्टेरॉइडच दिलं. पण मोजून दिलं, आणि दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत बंद केलं. मग अझाथायोप्रिन, शरीराचं संरक्षण आवरणारं औषध. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी सारख्या तपासाव्या लागतात, तेवढा धीर धरला. त्या तिघांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. दोघांनी ऐकलं.

बांबोळी_नाईट_ड्युटी
मी नर्स आहे. सांगे_रान, तुम्ही घरी जाऊन सांगितलंत, ते फार मोठं केलंत.

मये_तळ्याकाठी, एक गोष्ट घरी बघून ठेवा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि त्याबरोबर नाडी नव्वदच्या वर, किंवा ताप, किंवा रक्त एकदम कमी झालेलं, तर वाट बघायची नाही, धागा वाचत बसायचं नाही, ॲडमिट व्हायचं. पोट फुगलं आणि संडास एकदम बंद झाली तरी त्याला आराम समजू नका, ते जास्त वाईट. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते फाइलमध्येच ठेवा, रात्री दोन वाजता कपाटात शोधू नका.

सुकूर_वाट
मला इथे वेगळं म्हणायचंय. सगळे डॉक्टरांकडे जा म्हणताय, बरोबर आहे. पण लोक पुडीवाल्याकडे का जातात? माझ्या बायकोच्या पहिल्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत चिठ्ठी लिहिली. "हे आयुष्यभर घ्यायचं," एवढंच वाक्य. का, कशासाठी, मूल व्हायच्या वेळी काय, एक शब्द नाही. ती चोवीस वर्षांची होती. बाहेर येऊन गाडीत बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या फेकून दिल्या. औषध देणाऱ्या वैद्यांनी तिला तासभर ऐकून घेतलं. त्यांचं औषध लागू पडलं नाही, पण ऐकून घेतल्याचं ती अजून बोलून दाखवते.

दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या तेव्हा कळलं की मेसालामिन गरोदरपणात चालू ठेवता येतं, उलट आजार उठला तर बाळाला धोका जास्त. आमची मुलगी आता चार वर्षांची आहे. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर आमचं दीड वर्ष वाचलं असतं.

झुआरीपलीकडे
+१. माझ्या बाबतीतही चित्र काढून समजावणारे डॉक्टर भेटले तिथून सगळं बदललं. औषध आधीही तेच होतं.

पिशवीसह_नऊ_वर्षं
सहसा वाचते, लिहीत नाही.

मी गोळ्या आठ महिने बंद ठेवल्या होत्या. फळांचा रस, उपास, मातीच्या पट्ट्या. मला सांगितलं होतं की रक्त पडतंय म्हणजे विष बाहेर जातंय, घाबरायचं नाही. मी घाबरले नाही. आत नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहा होतं आणि आतडं फुगून फुटायच्या बेतात. रात्रीतच मोठं आतडं काढावं लागलं. तेव्हापासून पोटावर पिशवी आहे.

पिशवीबद्दल मला दुःख नाही, हे आधी सांगते. तिने मला जिवंत ठेवलं. मी पोहते, जत्रेला जाते, नऊवारी नेसते. ज्यांना शस्त्रक्रिया लागेल त्यांनी तिला घाबरू नये. पण माझ्याकडून निवडायची संधी गेली. औषधांच्या अजून तीन-चार पायऱ्या मला शिल्लक होत्या, इन्फ्लिक्सिमॅब होतं, मी एकही चढले नाही.

भावाला सांगा, विष वगैरे काही नसतं. ते रक्त आहे. त्याचंच.

मये_तळ्याकाठी
दोन दिवस उत्तर देता आलं नाही, माफ करा. शेवटचा प्रतिसाद भावाने स्वतः वाचला आणि सकाळी मला म्हणाला, गाडी काढ.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, कुडा, बंद केलेल्या गोळ्या, फ्रीजमागचं औषध. रागावले नाहीत. आधी जंतू आणि अमिबासाठी संडास तपासायला सांगितली, कॅल्प्रोटेक्टिनही केलं. आतड्याला सूज किती आहे ते त्यावरून कळतं म्हणे, दुर्बीण न घालता. जंतू नाही, सूज बरीच आहे. गोळ्या परत पूर्ण मात्रेत, रात्री एनिमा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर स्टेरॉइडचा विचार करू म्हणाले. नाडी, रक्त ठीक आहे, ॲडमिट नाही.

आईला मी सांगितलं. वैद्य_अंत्रुजकर, तुमचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले, कुडा कशावर चालतो आणि कशावर नाही ते. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे मी त्याचं वाईट नाही केलं ना? मी म्हटलं, पाळाने वाईट नाही झालं, गोळ्या थांबल्याने झालं. मग तिने उरलेलं पाळ कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, मामाकडे कुणाला आव झाली तर लागेल म्हणून.

कुडा_आणि_कोकम
मये_तळ्याकाठी, मी मात्रा वाढवा म्हणालो होतो ते मागे घेतो. वडिलांना काल विचारलं. ते म्हणाले, तेव्हा त्यांच्याबरोबर वाड्यावरच्या आणखी पाच-सहा जणांनाही तेच झालं होतं, एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांना. म्हणजे वैद्यराज म्हणतात ते खरं असावं. कुड्यावरचा माझा विश्वास मात्र तसाच आहे.

वैद्य_अंत्रुजकर
माझाही.

मये_तळ्याकाठी
आईचा एक प्रश्न राहिलाय, रोज विचारते. सोलकढी दिली तर चालेल का? त्याला फार आवडते.

झुआरीपलीकडे
मला चालते. मिरची-लसूण न घालता, नारळाचं दूध पातळ करून, आधी अर्धी वाटी. एका वहीत तारीख घालून काय खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी किती वेळा जावं लागलं ते लिहायला सांगा त्याला. त्याच्या पोटाचं त्यालाच कळेल. आणि ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्या.

उकड्याची_पेज
सोलं यंदाची असू द्या, जुनी फार आंबट लागतात.